कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : अपयशाला गुरू करणारा कारागीर

थोर पुरुषांची चरित्रे आपण बहुधा शेवटाकडून आरंभाकडे वाचतो. त्यांचे यश प्रथम आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते आणि त्या यशाच्या प्रकाशात त्यांचे सारे पूर्वायुष्यही उजळून निघते. मग त्यांच्या वाट्यास आलेली अपयशे म्हणजे जणू नेमल्याप्रमाणे आलेली आणि नेमल्याप्रमाणे टळलेली विघ्ने होती, असा आपला समज होतो. परंतु ज्याच्यावर तो प्रसंग गुदरलेला असतो, त्याला पुढचे पान दिसत नसते. वखारीत माल पडून आहे, घेणारा कोणी नाही, घरात चार माणसे खाणारी आहेत, एवढेच त्याला दिसत असते. त्या घटकेला तो काय करतो, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून राहते.

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत आपण गुणवंत विद्यार्थ्यांची नावे छापतो, नव्याने नोकरीस लागलेल्यांचे अभिनंदन करतो. ते योग्यच आहे. परंतु त्याच आळीत परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला एखादा मुलगा असतो. कर्ज काढून घातलेले वेल्डिंगचे दुकान वर्षभरात बंद करावे लागलेला एखादा तरुण असतो. पुण्याकडच्या कारखान्यातून कामावरून कमी झाल्यामुळे परत आलेला एखादा गृहस्थ असतो. यांपैकी कोणीही आपल्या मेळाव्यास येत नाही. बोलावले तर काही निमित्त सांगून टाळतात. यंदाचा हा चरित्रलेख मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिला आहे.

उद्योगमहर्षी लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे आपल्या समाजाचे नव्हते. तथापि लोखंड आणि लाकूड यांवर ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट चालले, त्या आपल्या सुतार-लोहार घरांना त्यांचे चरित्र परके वाटणार नाही. ऐरण, भट्टी, साचा आणि फाळ या शब्दांनीच ते चरित्र भरलेले आहे. शिवाय त्यांच्या यशाची झळ एके काळी आपल्याच अंगणापर्यंत येऊन पोचली होती. तो भाग पुढे यथास्थळी येईल.

बालपण आणि पहिला पेच

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. घर सुशिक्षित होते आणि मुलांनी नेहमीच्या मार्गाने शिकावे, नोकरी धरावी, अशीच त्या काळच्या घरांची रीत होती. लक्ष्मणरावांचे चित्त मात्र पाठांतरात रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे हे त्यांचे दोन छंद. शाळेच्या तराजूत या दोहोंना काहीच वजन नव्हते. वडील बंधू रामचंद्रपंत, ज्यांना सर्वजण रामूअण्णा म्हणत, यांनी धाकट्या भावाचा कल ओळखला आणि त्याच्या मागे ते उभे राहिले. सन १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी दाखल झाले.

दोनेक वर्षे गेली आणि एक कठोर गोष्ट उघड झाली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नव्हता. हा दोष डोळ्यांचा होता, मेहनतीने किंवा गुरुकृपेने तो जाणारा नव्हता. घरातील परंपरा मोडून जी विद्या शिकण्यासाठी ते मुंबईस आले, ती विद्या त्यांच्यासाठी एका दिवसात बंद झाली. आजही एखादा विद्यार्थी अशा ठिकाणी खचून जाईल, आणि त्याला कोणी दोष देणार नाही.

लक्ष्मणरावांनी आपल्या हाती काय उरले आहे, याचा हिशेब केला. रंग गेले, पण रेघ उरली होती. यंत्रांच्या आराखड्यांस रंग लागत नाही. तेथे लागते ते अचूक माप आणि स्वच्छ रेषा. त्यांनी यांत्रिक रेखाचित्रे काढण्याची विद्या धरली आणि तीच त्यांच्या पुढील आयुष्याचा पाया झाली. अपयश आले म्हणजे सर्वस्व गेले असे आपण मानतो. वस्तुतः बहुधा त्यातला एक भागच गेलेला असतो. गेलेला भाग कोणता आणि राहिलेला कोणता, हे शांतपणे पाहणे ही अपयशातून शिकण्याची पहिली पायरी होय.

नोकरी आणि अपमान

या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखाचित्राचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांस दरमहा ४५ रुपयांची जागा मिळाली. संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रांशी त्यांची ओळख येथेच पक्की झाली. मोडलेले यंत्र उघडावे, त्याचा बिघाड शोधावा आणि ते पुन्हा चालते करावे, हा अभ्यास त्यांनी पगाराव्यतिरिक्त पदरात पाडून घेतला.

नोकरी चालू असतानाच सायकल हे नवे वाहन त्यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावास रामूअण्णांकडे पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या तेथे विकाव्यात, गिऱ्हाइकास चालविण्यास शिकवावे, असा दोघा भावांचा लहानसा व्यवहार सन १८८८ च्या सुमारास सुरू झाला. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचा उगम तो हाच.

पुढे नोकरीत बढतीची वेळ आली, तेव्हा ती लक्ष्मणरावांस न देता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. पारतंत्र्याच्या काळात असे प्रसंग अनेकांवर येत. काहीजण मुकाट्याने सोसत, काहीजण कुढत राहत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा राजीनामा रागाच्या भरात रिकाम्या हाताने दिलेला नव्हता. बेळगावचे दुकान, यंत्रांचे ज्ञान आणि पाठीशी उभा असलेला भाऊ, एवढी शिदोरी त्यांच्याजवळ होती. तोट्याच्या आणि अपमानाच्या वेळी स्वाभिमान टिकवायचा असेल, तर त्यापूर्वीच्या बऱ्या दिवसांत काहीतरी गाठीशी बांधलेले असावे लागते.

न खपलेला नांगर

बेळगावात त्यांनी शेतकऱ्यास उपयोगी पडतील अशी अवजारे करण्यास आरंभ केला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. ज्या मुलखात ज्वारीचा कडबा हेच जनावरांचे मुख्य खाद्य, तेथे कुट्टी केल्याने वैरण किती वाचते, हे कड्याच्या शेतकऱ्यास वेगळे सांगावयास नको. अख्खी पेंढी टाकली तर बैल कोवळा भाग खातो आणि धांडे तुडवतो. कुट्टी मात्र सगळी दावणीत संपते.

त्यानंतर लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले आणि येथेच त्यांची खरी परीक्षा झाली. आपला पारंपरिक लाकडी नांगर माती फाडतो, परंतु ती उलथी करीत नाही. लोखंडी नांगराच्या वक्र पात्यामुळे मातीचा थर खालून वर येतो, हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे उघडी पडून उन्हाने वाळतात. गुण स्पष्ट होता. नांगर तयार झाले, परंतु गिऱ्हाईक येईना. लोखंडाने काळी आई विषारी होते, असा शेतकऱ्यांचा दृढ समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली.

दोन वर्षे हा शब्द उच्चारावयास सोपा आहे. वखारीत उभा असलेला माल, त्यात गुंतलेले भांडवल, रोज कामावर येणाऱ्या माणसांची मजुरी आणि गावकऱ्यांच्या नजरा, हे सारे त्या दोन वर्षांत आले. अशा वेळी मनुष्य सामान्यतः दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो गिऱ्हाइकास अडाणी ठरवून मोकळा होतो, किंवा स्वतःस नालायक ठरवून धंदा मोडतो. या दोन्ही गोष्टी वरवर परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंचा परिणाम एकच, तो म्हणजे शिकणे थांबते. लक्ष्मणरावांनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी नांगर सोडला नाही आणि शेतकऱ्यासही सोडले नाही.

शेतकऱ्याच्या संशयात काही शहाणपणही होते. ज्याचे सारे वर्ष एका पेरणीवर उभे असते, तो नव्या वस्तूवर सहजासहजी विश्वास ठेवीत नाही आणि ठेवूही नये. नांगर मोडला तर कारखानदाराचे नुकसान एका नांगराचे. शेतकऱ्याचा मात्र वाफसा जातो आणि हंगाम बुडतो. हा संशय व्याख्यानाने फिटणारा नव्हता. तो शेतात, तासातच फिटणार होता. नांगर टिकला पाहिजे, आपल्या बैलांस ओढवला पाहिजे आणि विलायती नांगराच्या तोडीचा असून शेतकऱ्यास परवडला पाहिजे, या तिन्ही अटी पुऱ्या कराव्यात तेव्हाच गिऱ्हाईक पुन्हा दारात येणार.

आपल्या लोहार बांधवांस यातील अडचण चटकन समजेल. घडीव लोखंड चिवट, पण फाळाला झिजते. ओतीव लोखंड, ज्यास आपण बीड म्हणतो, ते कठीण, पण ठिसूळ. दगडाला लागले की तुकडा उडतो. कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ घालणे हीच फाळ करणाऱ्याची कसोटी. इंग्लंडातील रॅन्सम नावाच्या नांगर-कारखानदारास या प्रश्नाचे उत्तर एका अपघातातून मिळाले, असे सांगतात. ओतशाळेत एक साचा फुटला, वितळलेले लोखंड थंड धातूवर सांडले, आणि जेथे ते झटकन निवाले तेथील पृष्ठभाग कमालीचा कठीण झाल्याचे दिसून आले. वाया गेलेला ओतीव तुकडा फेकून न देता रॅन्समने तो निरखून पाहिला, आणि एका बाजूने झटकन निववलेल्या फाळाचे पेटंट १८०३ मध्ये घेतले. अशा फाळाची खालची बाजू कठीण आणि वरची त्याहून मऊ असल्याने तो चालता चालताच धार धरतो. आपले वाडवडील फाळाला पाणी देत, त्यामागील तत्त्वही याच जातीचे होते. शेकडो वर्षे ही विद्या आपल्या हातांत होती. परंतु ती हातांतच राहिली, कागदावर उतरली नाही. त्याचे मोल आपण पुढे मोजले.

किर्लोस्करांच्या लहानशा कारखान्यास ही विद्या आयती मिळणारी नव्हती. विलायती नांगर समोर ठेवावा, त्याचे भाग मोजावेत, साचा करावा, ओतावे, तपासावे, मोडावे आणि पुन्हा ओतावे, याच रीतीने ती हाती येणार होती. मुंबईत शिकलेली रेघ येथे कामास आली. हळूहळू मागणी येऊ लागली, आणि किर्लोस्कर नांगर हे नाव महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले.

पायाखालची जागा गेली

जरा बरे दिवस दिसू लागले, तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावात ज्या जागेवर कारखाना होता, ती जागा गावाच्या नव्या वस्तीसाठी हवी असल्याने नगरपालिकेने त्यांस ती सोडण्यास सांगितले. यात त्यांच्या हातून काही चूक झाली नव्हती. काही अपयशे आपल्या दोषाने येतात, काही परिस्थितीने येतात. पहिल्या प्रकारात दोष सुधारावा. दुसऱ्या प्रकारात स्वतःस बोल लावून घेण्यात वेळ घालवू नये. या दोहोंतील भेद न कळल्याने अनेक कर्तबगार माणसे आयुष्यभर स्वतःस कोसत बसतात.

याच सुमारास औंध संस्थानच्या गादीवर श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. ते स्वतः चित्रकार होते आणि गुणी माणसांची त्यांस पारख होती. औंध येथील यमाई देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांवर सोपविले. पुढे कारखान्यासाठी जागा देण्याचेही त्यांनी मान्य केले. कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन लक्ष्मणरावांस मिळाली आणि कर्जाऊ साहाय्यही झाले. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीची स्थापना झाली.

ही जमीन म्हणजे निवडुंगाचे माजलेले रान होते. साप-विंचवांचा सुळसुळाट, पाण्याची टंचाई आणि आसऱ्याला एक झाडही नाही, अशा त्या माळावर कारखान्याची माणसे बायकामुलांसह येऊन राहिली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई यांनी त्या माळावर संसार मांडला. कारखानदाराच्या चरित्रात अशा स्त्रियांच्या वाट्यास बहुधा एखादी ओळ येते. परंतु पुरुषाचे अपयश घरात प्रथम तिच्याच चुलीपाशी पोचते, हे आपल्या भगिनींस ठाऊक आहे.

त्या ओसाड जमिनीत एकच गोष्ट मोलाची होती, ती म्हणजे शेजारची रेल्वे. लोखंड आणि कोळसा येण्यास आणि नांगर जाण्यास तीच वाट. आपल्या कड्यास हे महत्त्व आता अनुभवाने कळत आहे. नगर ते आष्टी ही गाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाली आणि कड्याचे नाव रेल्वेच्या नकाशावर आले. स्थानक आले म्हणजे उद्योग आपोआप येतो असे नव्हे. कुंडल रोडचे स्थानकही किर्लोस्करांच्या आधीपासून तेथे होते. त्याच्या शेजारच्या निवडुंगात उतरणारा मनुष्य मिळाला, तेव्हा त्याचे चीज झाले.

त्यांनी जमविलेली माणसे

किर्लोस्करवाडीची खरी संपत्ती तेथील माणसे होती. रामूअण्णांनी वसाहतीची व्यवस्था सांभाळली. शंभोराव जांभेकर, के. के. कुलकर्णी, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर हे आरंभीचे सहकारी. यांतील कित्येकांजवळ मिरविण्याजोगी पदवी नव्हती. कुलकर्णी हे शाळेत यश न मिळालेले, फळणीकर हे शिक्षण अर्ध्यावर सुटलेले. परंतु शंभोराव कामातून यांत्रिक झाले, फळणीकरांच्या हातून नवनव्या रचना निघाल्या, कुलकर्णी यांनी शेती, खरेदी आणि गावोगावची वणवण आपल्या अंगावर घेतली, तर रेग्यांनी हिशेब आणि दप्तर चोख ठेवले.

याहून विशेष गोष्ट अशी की, तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांस लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, त्याच्याच हाती कारखाना रात्रभर सोपवावयाचा, हे धाडस साधे नव्हते. किर्लोस्करवाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही त्यांचा दंडक होता आणि त्यापायी त्यांनी लोकांचा रोष पत्करला.

या साऱ्याचा उगम कोठे असावा? जो मनुष्य शाळेत मागे पडला, कलाशाळेतून रंगांवाचून परतला, नोकरीत डावलला गेला आणि ज्याचा नांगर दोन वर्षे कोणी घेतला नाही, त्याला एक गोष्ट अनुभवाने कळलेली होती. फसलेले काम आणि फसलेला मनुष्य या दोन भिन्न वस्तू आहेत. ओतीव तुकडा सदोष निघाला तर कारागीर भट्टी विझवीत नाही. तो तुकडा पुन्हा मुशीत टाकतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण एका ओतणीवरच निकाल देऊन बसतो.

युद्ध, विस्तार आणि आग

सन १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी लोखंडाची आवक आटली. कारखाना चालू ठेवावयाचा तर कच्चा माल हवा. या अडचणीत कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज साहाय्यास धावले आणि संस्थानातील जुन्या तोफा त्यांनी वितळविण्यासाठी दिल्या. तोफांचे नांगर झाले. युद्धाने कोंडी केली, पण विलायती नांगरांची आयातही त्याच युद्धाने मंदावली. जो टिकून राहिला, त्यास बाजार मोकळा मिळाला.

सन १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगर आणि कडबा यंत्रांबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली किर्लोस्कर मासिकाचा जन्म झाला आणि माळावरचा हा कारखाना मराठी घरांतील दिवाणखान्यापर्यंत पोचला. अमेरिकेत यंत्रविद्येचे शिक्षण घेऊन चिरंजीव शंतनुराव १९२६ मध्ये परतले आणि पुढील पिढी कामास लागली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे घडविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्यास तेलावरील इंजिनांचा आणि बंगळूर येथे विजेच्या यंत्रांचा, असे आणखी दोन कारखाने उभे राहिले.

आता सारे स्थिरस्थावर झाले असे वाटावे, तोच वार्धक्यात अखेरची मोठी परीक्षा आली. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलींत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली. लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. ज्या माळावर निवडुंग तोडून त्यांनी उद्योग उभारला, तेथे पुन्हा राख पाहण्याची वेळ आली. कारखाना पुन्हा उभा राहिला. यंत्रे जळतात, इमारती कोसळतात. परंतु ती कशी करावयाची हे ज्यांना ठाऊक असते, ती माणसे जोवर एकत्र असतात, तोवर उद्योग जळत नाही. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांनी इहलोकीची यात्रा संपविली. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीस भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्या अंगणातील नांगर

आता जो भाग मागे ठेवला होता, त्याकडे वळू. लोखंडी नांगर गावोगाव गेला, तेव्हा त्याने शेतकऱ्याचे भले केले. परंतु गावच्या सुताराचे काय झाले? बाभळीचे खोड निवडून, वाकसाने तासून, इसाड आणि रुमणे बसवून नांगर उभा करणारा आपला पूर्वज खळ्यावर बलुत्याचा मानकरी होता. औताचे लाकूड कमी झाले, तसे त्याचे काम कमी झाले. पुढे ट्रॅक्टर आला आणि वखर, पाभर, तिफण हीसुद्धा मागे पडली. फाळ शेवटण्यासाठी पहाटे लोहाराच्या भात्यापाशी लागणारी गर्दी ओसरली. एकाचे यश हे दुसऱ्याचे अपयश ठरते ते असे, आणि त्यात कोणाचाही दुष्टावा नसतो.

याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लक्ष्मणरावांच्या रीतीने हिशेब मांडला, तर काय गेले आणि काय उरले? बलुते गेले, लाकडी नांगर गेला. माप उरले, हात उरला, धातूची पारख उरली. आपल्याच घरांतील कित्येक तरुणांनी वाकस ठेवून वेल्डिंगची कांडी धरली, ट्रॉली आणि पेरणी यंत्रे जोडण्यास आरंभ केला. ज्यांनी जुन्या कामाचा शोक करण्यातच वेळ घालविला, ते मागे राहिले. रंग गेले तरी रेघ उरते, हे ज्यांना उमगले, त्यांची घरे सावरली.

मात्र केवळ जिद्दीचे गोडवे गाऊन हा लेख संपविणे हा अप्रामाणिकपणा होईल. लक्ष्मणराव पुन:पुन्हा उठले, हे खरे. पण प्रत्येक वेळी त्यांना हात देणारा कोणी ना कोणी होता. चित्रकला सुटली तेव्हा रामूअण्णा होते. जागा गेली तेव्हा औंधचे अधिपती होते. लोखंड संपले तेव्हा शाहू महाराज होते. माळावर राधाबाई होत्या. अपयश हा गुरू खरा, परंतु त्याचा धडा गिरविण्यास दुसरी पाटी लागते, आणि ती पाटी आणून देणारा कोणी लागतो. ज्याचे पहिलेच भांडवल बुडाले आणि ज्याला दुसऱ्यांदा कोणी दारात उभे करीत नाही, त्याला अपयशातून शीक म्हणून सांगणे ही थट्टा आहे.

आपला मुलूख कमी पावसाचा. आष्टी तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस बाहेर पडतात. येथे धंदा घालणारा मनुष्य एका दुष्काळाने बुडू शकतो आणि तो त्याचा गुन्हा नसतो. संस्थानिक आता राहिले नाहीत. रामूअण्णा प्रत्येकाच्या घरी जन्मत नाही. मग ती जागा कोणी घ्यावयाची? समाजाने, असे याचे उत्तर आहे. ज्यांचे दुकान चालले, त्यांनी दुकान बुडालेल्यास आपल्या फळीवर चार महिने काम द्यावे. ज्यांची मुले शिकली, त्यांनी अनुत्तीर्ण झालेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याला कोणता विषय अवघड गेला, एवढे तरी विचारावे. आणि पुढील मेळाव्यात गुणगौरवाबरोबर एक घटका अशी ठेवावी, की ज्यात आपल्यातील अनुभवी कारागिरांनी उभे राहून आपला कोणता धंदा का बुडाला, हे मोकळेपणी सांगावे. ती हकीकत ऐकून एका तरुणाचे भांडवल जरी वाचले, तरी तो सत्कारांइतकाच मोठा लाभ ठरेल.

किर्लोस्करांचा नांगर दोन वर्षे उभा होता, म्हणून तो नांगर वाईट ठरला नाही आणि तो करणाराही वाईट ठरला नाही. आपल्या आळीत आज असे किती नांगर उभे आहेत, हे आपण एकदा दारोदार जाऊन पाहावे, एवढीच या पुण्यस्मरणाच्या निमित्ताने सर्व समाजबंधू-भगिनींस नम्र विनंती.